रेल्वेफेरीच्या प्रतिकृतीवरील लाइफबोटी

रेल्वेफेरी म्हणजे पोटात रूळ असलेले जहाज. जिथे पूल बांधणे शक्य नसते किंवा परवडत नाही, तिथे इंजिन वाघिणी ढकलत धक्क्यापर्यंत आणते. वरखाली होणाऱ्या एका जोडपुलावरून त्या जहाजाच्या मागच्या उघड्या तोंडातून आत जातात आणि पलीकडच्या काठावर दुसरे इंजिन त्यांना बाहेर ओढून घेते. मालाला हात लावावा लागत नाही, हा या पद्धतीचा सगळा फायदा. स्कॉटलंडमध्ये फोर्थच्या खाडीवर १८५० साली टॉमस बाउच या अभियंत्याच्या योजनेनुसार ‘लेव्हायथन’ ही अशी पहिली फेरी सुरू झाली. भारतात ब्रह्मपुत्रेवर पांडू आणि अमीनगाव या घाटांदरम्यान वाघिणी अशाच पाण्यावरून जात. १९६२ मध्ये सराईघाटचा पूल झाला आणि ती वाहतूक संपली. इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवर मात्र आजही प्रवाशांसकट आगगाडीचे डबे जहाजात चढतात.

छोट्या रेल्वेच्या छंदात या जहाजाला मानाचे स्थान आहे, कारण ते जागेची मोठी अडचण सोडवते. घरातल्या टेबलावर रूळ कुठेतरी संपवावेच लागतात. शेवटी फेरीचा धक्का असला, की तिथून वाघिणी ‘परगावी’ जातात आणि दुसऱ्या दिवशी नव्या मालासह परत येतात. कोल्हापूरच्या वाचकाला ही मांडणी विशेष जवळची वाटावी. मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि कोल्हापूरचे रूळ आजही इथेच संपतात. पुढे घाट उतरून कोकणचा किनारा. टेबलावर तो घाट उतरवून रूळ एखाद्या काल्पनिक बंदरापर्यंत नेणे कोणालाही शक्य आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. या छंदात किती बारकाईने काम करता येते, हे तिथे प्रत्यक्ष पाहता येते.

फेरीची प्रतिकृती बनवताना सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते वरच्या डेकवरच्या लाइफबोटींकडे. सांगाडा, रूळ, धुराडी यांवर महिनोन्‌महिने काम होते आणि शेवटी मिळतील त्या चार होड्या चिकटवून मोकळे होतात. वास्तविक जाणकार माणूस आधी होड्यांकडेच बघतो. होडीचा आकार, संख्या, रंग आणि ती टांगणारे लोखंडी बाहू, म्हणजे डेव्हिट, यांवरून जहाज कोणत्या काळातले, त्यावर किती माणसे असत आणि संकटात ती कशी उतरणार होती, हे सगळे कळते. म्हणून लाइफबोट घडवण्याआधी एक निर्णय पक्का हवा: आपली फेरी कोणत्या वर्षी धावते आहे?

वर्षाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी काही अपघात माहीत असावे लागतात. १९१२ पर्यंत ब्रिटिश नियमांत लाइफबोटींची संख्या जहाजावरील माणसांवर नव्हे, तर जहाजाच्या टनांवर ठरत असे. त्यामुळे ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसे असताना २० होड्यांत जागा होती ती १,१७८ जणांची, आणि तरीही नियम मोडलेला नव्हता. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ मध्ये नव्याने लिहिला गेला. या प्रत्येक टप्प्यानंतर जहाजांच्या डेकवरचे दृश्य बदलत गेले आहे.

होड्या वाढवल्या की सुरक्षितता वाढते, हा सरळ हिशेबही एकदा उलटला. शिकागो नदीत २४ जुलै १९१५ रोजी ‘ईस्टलंड’ हे सहलीचे जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच आडवे झाले आणि ८४४ माणसे मेली. हे जहाज मुळात वरच्या बाजूला जड होते. त्यावर काहीच दिवसांपूर्वी नव्या सुरक्षा नियमांसाठी आणखी होड्या आणि तराफे चढवले गेले होते. जीव वाचवायला आणलेले वजनच जहाज कलायला कारण ठरले. उंचावर ठेवलेले वजन हा लाइफबोटींच्या रचनेतला कायमचा पेच आहे आणि तो प्रतिकृतीतही सुटत नाही. त्याचा हिशेब पुढे येईल.

रेल्वेफेऱ्यांची खरी दुर्बळ जागा त्यांच्या मागच्या तोंडात होती. अमेरिकेतील मिशिगन सरोवरावर ‘मिलवॉकी’ ही फेरी २२ ऑक्टोबर १९२९ रोजी वादळात सर्व माणसांसह बुडाली. तळाशी सापडलेल्या सांगाड्यावर मागचा दरवाजा वाकलेला दिसतो. जपानमध्ये २६ सप्टेंबर १९५४ रोजी ‘तोया मारू’ ही आगगाड्या नेणारी फेरी हाकोदाते बंदराबाहेर तुफानात सापडली. मागच्या उघड्या बाजूने लाटा रुळांच्या डेकवर शिरल्या, पाणी खाली यंत्रांपर्यंत गेले, इंजिने थांबली आणि जहाज उलटले. अकराशेहून अधिक लोक मेले. या दुर्घटनेने जपानमध्ये समुद्राखालून बोगदा काढण्याच्या विचाराला जोर आला. तो सेइकान बोगदा १९८८ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला आणि ती फेरीच बंद पडली.

मराठी माणसाला यासाठी जपानपर्यंत जायची गरज नाही. १७ जुलै १९४७ च्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात, काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्यात कलली आणि उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी पोचायलाही वेळ गेला. ज्यांचे प्राण वाचले त्यातल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. ‘रामदास’ रेल्वेफेरी नव्हती, पण तिच्या अपघातातून लाइफबोटींबद्दलची मूळ गोष्ट स्पष्ट होते. जहाज हळूहळू, सरळ बुडत असेल तर होड्या खाली सोडायला वेळ मिळतो. ते कलत गेले, तर वर उचललेल्या बाजूच्या होड्या जहाजाच्या अंगाला घासून अडकतात, खालच्या बाजूच्या बाहेर लोंबकळून हाताला लागत नाहीत, आणि काही मिनिटांतच सगळे संपते. याच कारणाने मालवाहू जहाजांसाठी पुढे नियम झाला, की प्रत्येक बाजूच्या होड्यांत सगळ्यांनाच जागा हवी, आणि जहाज २० अंश कलले तरी होडी सोडता आली पाहिजे. प्रतिकृतीवर दोन्ही बाजूंना होड्या असतात त्या केवळ शोभेच्या समतोलासाठी नव्हेत.

आता मापे. छंदात सर्वाधिक चालणाऱ्या एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, खरा एक फूट साडेतीन मिलिमीटर होतो. मिशिगन सरोवरावर १९५३ पासून धावणारी ‘बॅजर’ ही कोळशावरची फेरी ४१० फूट लांब आहे. एचओत ती जवळजवळ १ मीटर ४३ सेंटिमीटर होते. एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, तीच ७८ सेंटिमीटर भरते. घरातल्या खोलीत एवढे जहाज ठेवणे बहुतेकांना अशक्य, म्हणून छंदी लोक लांबी कमी करतात. त्यात गैर काही नाही, पण एक पथ्य पाळावे. जहाज आखडले तरी होडी आखडू नये. बघणाऱ्याचा डोळा जहाजाचा आकार दरवाजे, कठडे आणि होड्या यांवरूनच ठरवतो, कारण या तिन्ही वस्तू माणसाच्या मापाच्या आहेत. जागा कमी पडली तर चाराऐवजी दोन होड्या ठेवाव्यात. लहान केलेल्या चार होड्यांनी सारे जहाज खेळण्यासारखे दिसू लागते.

होडी किती माणसांची, हे काढण्याची जुनी रीत सोपी आहे. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घेऊन गुणाकार करायचा, त्याला ०.६ ने गुणायचे आणि दर माणशी १० घनफूट धरायचे. २४ फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल होडीचे उत्तर ४०३ घनफूट, म्हणजे ४० माणसे. फक्त वाघिणी नेणाऱ्या फेरीवर पन्नासेक कर्मचारी धरले, तर बाजूला अशा दोन, एकूण चार होड्या रास्त होतात. प्रवासीही नेणारी फेरी असेल तर होड्या वाढतात किंवा मोठ्या होतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की ‘किती होड्या लावू?’ या प्रश्नावर अंदाजाने बोलावे लागत नाही. वरची २४ फुटी होडी एचओत ८४ मिलिमीटर लांब, २८ रुंद आणि सव्वाबारा खोल येते.

होडी कशाची होती तेही काळावर ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी होड्या लाकडी, फळीवर फळी चढवलेल्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, म्हणजे पुढेही नाळ आणि मागेही नाळ. पुढे जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या होड्या आल्या. त्यांचे अंग गुळगुळीत, फक्त जोडावर रिव्हेटची ओळ. १९६० नंतर फायबरग्लास रुळले. पूर्ण बंद, केशरी रंगाच्या होड्या मात्र १९८६ पासून लागू झालेल्या नियमांनंतर सर्रास दिसू लागल्या. १९३० च्या वाफेच्या फेरीवर तशी केशरी होडी ठेवणे ही ढोबळ चूक आहे.

डेव्हिटचे तीन मुख्य प्रकार ओळखता आले की पुरे. सर्वात जुना म्हणजे वर वाकवलेल्या गोल खांबांची जोडी. त्यात होडी सरळ बाहेर जात नाही: आधी ती मागे सरकवायची, पुढचे टोक खांबांमधून बाहेर काढायचे, मग होडी पुढे घेऊन मागचे टोक काढायचे. म्हणून या दोन खांबांतले अंतर होडीच्या लांबीपेक्षा कमीच असते. ८४ मिलिमीटरच्या होडीला ७० च्या आसपास. बाजारात मिळणारे डेव्हिट पुष्कळदा होडीच्या टोकांबाहेर बसवलेले दिसतात, तशी होडी प्रत्यक्षात टांगताच येणार नाही. दुसरा प्रकार स्वीडनच्या ॲक्सेल वेलिन यांचा. यात खांबाच्या पायाशी दात्यांचा पाव चक्राकार तुकडा असतो आणि दांडा फिरवला की खांब बाहेर झुकतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या भागातल्या जहाजांना तो शोभतो. तिसरा, गुरुत्वाकर्षणाचा: होडी उतरत्या रुळांवरच्या पाळण्यात बसलेली असते, ब्रेक सोडला की स्वतःच्या वजनाने घरंगळत बाहेर येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोठ्या जहाजांवर हाच प्रकार सगळीकडे दिसतो.

प्रत्यक्ष घडणीसाठी कोल्हापूरसारखे गाव सापडणे कठीण. लागणारी जवळजवळ सगळी कौशल्ये इथल्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहेत. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच स्वतः घडवला होता. त्या कारागिरीच्या परंपरेला मिलिमीटरची होडी जड नाही.

एकसारख्या चार होड्या हव्यात, तर चार वेळा कोरत बसू नये. एकच मूळ नमुना काळजीने करावा आणि त्याचा साचा घ्यावा. नमुन्याला शिवणीसारखे एकसारख्या पोताचे लाकूड चांगले. होडीच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंच्या पाव अंतरावर असे तीन छेद जाड कागदावर कापून घ्यावेत आणि कोरताना ते अंगाला लावून बघत जावे. फळ्यांची होडी असेल तर दीड मिलिमीटरच्या कागदी पट्ट्या खालून वर एकीवर एक किंचित चढवत चिकटवाव्यात. मग पातळ लाखेचा हात देऊन कागद कडक करावा. उद्यमनगरातले पॅटर्न करणारे कारागीर वाळूतून नमुना सुटावा म्हणून त्याच्या उभ्या अंगाला थोडा उतार ठेवतात. होडीला तो उतार निसर्गतःच आहे: कडेपासून पठाणाकडे, म्हणजे तळच्या कण्याकडे, ती निमुळतीच होत जाते. म्हणून होडीचे अंग आणि वरचे कापडी झाकण वेगवेगळे करावे. अंग सपाट तोंडाकडून काचेवर चिकटवायचे, भोवती पुठ्ठ्याची भिंत उभी करून सिलिकॉन रबर ओतायचे आणि सुकल्यावर साचा उलटा करून त्यात रेझिन भरायचे. गणपतीच्या मूर्तींसाठी रबरी साचे वापरणारे शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले मूर्तिकार हे काम सहज समजावून सांगू शकतात. हवेचे बुडबुडे नाळेच्या टोकांशी अडकतात. रेझिन ओतण्यापूर्वी ब्रशने एक पातळ थर आत फिरवला की ते टळते. पठाण आणि सुकाणू फार पातळ असल्याने साच्यात घेऊ नयेत, प्लॅस्टिकच्या पट्टीतून मागाहून जोडावेत. रेझिनचे काम खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालूनच करावे.

होडीचा आतला भाग, म्हणजे बाक, वल्ही, पाण्याचे पिंप, दाखवायचा मोह आवरलेला बरा. बंदरात आणि प्रवासात होड्या बहुधा ताडपत्रीने झाकलेल्याच असत. टिश्यू पेपरचा तुकडा पाणी मिसळलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून, मध्ये आडव्या दांड्यावर पेलून, दोन्ही बाजूंना किंचित झोळ पडेल असा बसवला की ताडपत्री अगदी खरी दिसते. कडेखाली हातदोरीचे झोके असतात. पाण्यात पडलेल्या माणसाला धरायला तेच आधार. ते सगळे सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे यायला हवेत, नाहीतर एवढ्याशा दोरीने पूर्ण काम बिघडते.

डेव्हिटला दीड मिलिमीटरची पितळी तार बरोबर बसते, कारण खरा गोल खांब साधारण पाच इंच जाड असे. तार लालसर होईपर्यंत तापवून मऊ करावी, लाकडी ठोकळ्यावर खिळे मारून केलेल्या साच्यात वाकवावी, म्हणजे सगळ्या जोड्या एका वळणाच्या होतात. खरा खांब टोकाकडे बारीक होत जातो. ड्रिलच्या तोंडात तार धरून फिरवत कानस लावली की तो निमुळतेपणा येतो. याहून बारीक तार हवी असेल तर गुजरीतला सोनार जंतरातून ओढून हव्या त्या जाडीची देतो. चाप आणि कड्या डाग देऊनच जोडाव्यात. झटपट चिकटणारा गोंद इथे नको. तो पितळेवर टिकत नाही आणि आसपासच्या रंगावर पांढरी झाक आणतो. खांबाचा तळ डेकवर नुसता टेकवू नये. दीड मिलिमीटरचे छिद्र पाडून आत रोवावा.

होडी टांगणारा खरा दोर सुमारे एक इंच जाडीचा, म्हणजे एचओत पाव मिलिमीटरहून थोडा जास्त. शिवणाच्या दोऱ्याला बारीक लव असते आणि या प्रमाणात ती दोरखंडाची साल निघाल्यासारखी दिसते. दोरा मेणावरून दोनतीनदा ओढला की लव बसते. दोर दोन कप्प्यांमधून अनेक फेऱ्यांनी जातो आणि उरलेला भाग डेकवर गुंडाळलेला असतो. ती गुंडाळी विसरू नये, नाहीतर होडी खाली सोडायला दोरच नाही असा अर्थ होतो. होडीखाली लाकडी बैठका आणि अंगावर आवळपट्टे असतात, कारण वादळात होडी हलता कामा नये.

रंग शुद्ध पांढरा देऊ नये. त्यात थेंबभर करडा मिसळावा. लहान वस्तूवर पांढरा फार झगझगतो. ताडपत्री मळकट खाकी किंवा राखी. प्रत्येक होडीला क्रमांक असतो: उजव्या बाजूला १, ३, ५ आणि डाव्या बाजूला २, ४, ६, दोन्हीकडे पुढून मागे. नाळेपाशी जहाजाचे आणि नोंदणीच्या बंदराचे नाव. होडीसमोरचा कठडा सलग नको. तिथे काढता येणारी साखळी असते, कारण माणसांना त्याच जागेतून होडीत चढायचे असते.

१९६० नंतरच्या फेरीवर होड्यांच्या जोडीला पांढऱ्या पिंपांत बंद केलेले, हवेने फुगणारे तराफे येतात. कोल्हापूरकरांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात प्रयाग चिखली आणि आंबेवाडी परिसरात बचाव पथकांच्या रबरी बोटी पाहिल्या आहेत. जहाजावरचा तराफा त्याच जातीचा, पण त्याला वर छत असते आणि इंजिन नसते. जहाज बुडालेच, तर सुमारे चार मीटर खोलीच्या आत पाण्याच्या दाबाने त्याचा बंध आपोआप सुटतो आणि तराफा वर येऊन फुगतो. पंचवीस माणसांच्या तराफ्याचे पिंप एचओत साधारण १७ मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर जाड. तेवढ्या जाडीचा प्लॅस्टिकचा दांडा कापून, टोके गोल करून, मध्ये एक पट्टा काढला की तराफा तयार.

टेबलावरच्या फेरीला वजनाचा प्रश्न नसतो. रंकाळ्यात किंवा हौदात तरंगवायची असेल तर मात्र ‘ईस्टलंड’चा धडा समोर येतो. लांबी ८७ पटींनी लहान झाली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी, कमी व्हायला हवे. सामानासह दोन टनांची होडी एचओत फक्त तीन ग्रॅमची असली पाहिजे. रेझिनची भरीव होडी भरते एकोणीस ग्रॅमच्या आसपास. चार होड्या मिळून साठाहून अधिक ग्रॅम जादा वजन जहाजाच्या सर्वात उंच जागी जाते, आणि किंचित वाऱ्यानेही प्रतिकृती झुलू लागते. यावर दोन उपाय आहेत: होडी आतून पोकळ ओतावी, किंवा रेझिन सोडून बाल्सा लाकडाची करावी, भरीव बाल्साची होडीही तीन ग्रॅमच्या आतच राहते. फेरी पाण्यात सोडण्यापूर्वी पोटातल्या रुळांवर वाघिणी ठेवून आणि एका बाजूच्या काढून, ती किती कलते आणि परत सरळ येते का, हे टबमध्ये पाहून घ्यावे. वाघिणी एकाच बाजूला चढवल्या की खरी फेरीही कलते, म्हणून ती भरताना दोन्ही बाजूंचे रूळ तोलून भरतात.

शेवटचा निर्णय जोडणीचा. रुळांचा डेक उघडता यावा म्हणून बहुतेक प्रतिकृतींत वरचा डेक उचलून काढता येतो. डेव्हिट, होड्या आणि त्यांचे दोर पूर्णपणे या वरच्या डेकवरच असावेत. एकही दोर खालच्या भागात बांधू नये, नाहीतर पहिल्यांदा डेक उचलताना तो तुटतो. जोडणीचा क्रमही ठरलेला असावा: आधी डेव्हिट रोवून रंगवायचे, मग बैठका, त्यावर होडी, नंतर आवळपट्टे आणि सगळ्यात शेवटी दोर. दोर लावल्यावर वार्निश मारू नये. मेणावर ते धरत नाही आणि ओल्या थेंबांनी दोर चिकटून जाडसर होतात.